दुसरा पंखा

अक्षता पडायच्या आतच कॉम्प्युटर बंद पडला. कालही तसंच झालं होतं. अंतरपाट धरलेला, नवरी मान खाली घालून उभी, आणि पडदा काळा.

गुंजनने कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. चुलीवरचा तवाही एवढा तापत नसेल.

तिचे बाबा, शालीकराम, फुलचूरच्या या घरातून आयुष्यभर लोकांच्या लग्नाच्या फिल्मा काढत आले. मुर्रीच्या चुन्नीलालच्या मुलीचं हे लग्न त्यांचं शेवटचं. सगळी जोडणी त्यांनी करून ठेवली होती. गाणी घातली होती, नावं घातली होती. आता कॉम्प्युटरने दुपारभर एकट्याने राबून अख्खी फिल्म बाहेर काढायची, एवढंच उरलं होतं. त्याआधीच एका सकाळी बाबा उठले नाहीत. तेरवी झाली, पाहुणे पांगले. गुंजन पुण्याला परत जायची थांबली ती या फिल्मसाठी. निदान ती तसं सांगत होती.

फाटकाशी गाडी थांबली. चुन्नीलाल डोक्याचा दुपट्टा सोडत ओट्यावर येऊन बसला.

"काय वो पोरी, झाली काय आमची पिक्चर?"

"नाही ना काका. मध्येच बंद पडतो. तापतोय फार."

"ह्या उन्हात माणूस तापून राहिला, तो तं मशीन होय." त्याने तोंड पुसलं. "मले घाई नाही. माही माय जीव खाऊन राहिली. अंगणात नातीचं लगन, अन् माय आत खाटेवर पडून. उठताच नाही आलं तिले. रोज पुसते, शालीक आला काय रे पिक्चर घेऊन?"

"बाबांचं त्यांना सांगितलं नाही तुम्ही?"

"कायले सांगू? पिक्चर पाहू दे आधी. मंग पाहू." त्याने दुपट्टा खांद्यावर टाकला. "गोंदियात टिंकूकडे देऊन पाहतेस काय? त्याचा नवा स्टुडिओ हाय. बडी मशीन हाय."

"नाही. बाबांनी जोडलेली आहे, इथेच काढते."

"बापावानीच हेकट होय," म्हणत चुन्नीलाल उठला.

तो गेल्यावर तिने कॉम्प्युटरची बाजूची झाकणपट्टी काढली. प्रोसेसरवर पातळ पत्र्यांचा ठोकळा उभा होता. त्याच्या पुढच्या अंगाला जुना पंखा, मागच्या अंगाला नवा. तो नवा पंखा बाबांनी उन्हाळा लागताना बसवला होता. अडकवायच्या क्लिपा मिळाल्या नसाव्यात. चारही कोपरे मांडवाच्या तारेने पिळून बांधले होते आणि तारेची टोकं आत दुमडली होती, कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. फोनवर म्हणाले होते, "दुसरा पंखा लावला वो गुंजन. आता दोन्हीकडून हवा बसते. पाहायचं काम नाही."

तिने धूळ झटकली, ब्रशने पत्रे साफ केले, कॉम्प्युटर पुन्हा लावला. दोन्ही पंखे छान फिरत होते. अंतरपाट आला आणि पडदा काळा झाला.

आता काय करावं हे न सुचून ती आतल्या खोलीत गेली. आईच्या खाटेवर ती आल्यापासून टेकली नव्हती. आई, सुशिलाबाई, शेवटचे दोन उन्हाळे तिथेच पडून होती. तिला गरम होऊ नये म्हणून बाबांनी खाटेच्या दोन्ही बाजूंना स्टुलावर टेबलफॅन ठेवले होते, दोघांची तोंडं तिच्याकडे. आई गेल्यावर त्या खाटेवर बाबा झोपायला लागले. पंखे त्यांनी हलवले नाहीत.

गुंजनने दोन्ही पंखे लावले आणि आडवी झाली. दोन्हीकडून हवा अंगावर आली. मानेवरचा घाम वाळला. बरं वाटलं. चादरीचं टोक मात्र धड इकडे उडेना, धड तिकडे. जागच्या जागी फडफडत राहिलं.

दोन्हीकडून हवा बसते.

ती उठून बसली.

बाहेर येऊन तिने कॉम्प्युटर चालू केला आणि कागदाची पट्टी फाडून जुन्या पंख्याच्या बाहेरून धरली. पट्टी आत ओढली गेली. मागे, बाबांच्या पंख्याशी धरली. तिथेही आतच ओढली गेली. दोन्ही पंखे एकमेकांकडे तोंड करून त्या ठोकळ्याला वारा घालत होते, आईला घालायचे तसा. माणसाच्या अंगाला तो वारा पुरतो. पण पत्र्यांना घाम येत नव्हता. त्यांना आतली ऊब बाहेर टाकायला एक वाट हवी होती. एका पंख्याने हवा ढकलायची, दुसऱ्याने ओढून घ्यायची. त्यासाठी दोघांची तोंडं एकीकडे हवीत.

म्हणजे बाबांचा पंखा उलटा करायचा. तिने कॉम्प्युटर बंद करून विजेचा प्लग काढला आणि पक्कड घेतली. पहिल्या कोपऱ्याशी पक्कड टेकवली. पीळ घट्ट होता, एकसारखा होता, बाबांच्या हातचा. इतक्या लग्नांत बाबा कुठल्याच चौकटीत नव्हते. कॅमेऱ्याच्या मागे होते. पक्कड हातात गरम झाली.

मग तिने ती बाजूला ठेवली आणि जुन्या पंख्याच्या क्लिपा काढल्या. तो सहज निघाला. तोच तिने फिरवून बसवला. आता बाबांचा पंखा मागून ढकलणार होता आणि जुना पुढे ओढणार होता. हवा नेहमीच्या उलट्या दिशेने जाईल. जाऊ दे, झाकण उघडंच आहे.

अंतरपाट आला, बाजूला झाला. अक्षता पडल्या. नवरीने मान वर केली. गुंजनने ठोकळ्यापुढे तळहात धरला. त्यावर गरम हवा येत होती, एकसारखी. उन्हं कलेपर्यंत ती तिथेच बसली.

चुन्नीलाल पेनड्राइव्ह घ्यायला आला. "कसं काय जमवलं वो?"

"जुना पंखा फिरवला."

"अन् शालीकभाऊनं लावलेला?"

"तो तसाच आहे."

त्याने पेनड्राइव्ह खिशात ठेवून वरून बटण लावलं. "तू चाल ना घरी. मायजवळ बसून पाहशील."

"तुम्ही व्हा पुढे काका. उद्या येते. त्यांना मीच सांगीन."

गाडीचा आवाज मुर्रीच्या रस्त्याला लागून विरला. गुंजनने कॉम्प्युटर बंद केला. पंखे आणखी थोडे फिरले आणि थांबले. घर एकदम गप्प झालं. आतले टेबलफॅन तिने मघाशीच बंद केले होते.

आता काढायची कुठलीच फिल्म उरली नव्हती. तिने हात पुढे केला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. दोन्ही पंखे फिरू लागले.