प्रसादाचा शिरा

दर्शनाला मनःशांती मिळाली, यावर दादरच्या मठात कुणाचंच दुमत नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा वरद दिवाळीनंतर मोटारसायकलच्या अपघातात गेला, आणि महिन्याभरात ही बाई दर गुरुवारी कोरड्या डोळ्यांनी जपाला बसू लागली. सुखदुःख सारखंच मानावं, असं मठातल्या माई सांगत. बाकीच्यांना ते वर्षानुवर्षं जमलं नव्हतं. नेहमीची जागा दुसऱ्या कुणी घेतली तरी त्यांची समाधी मोडायची. दर्शनाला मात्र चुटकीसरशी जमलं. बायका तिच्या पाया पडू लागल्या. तिला त्याचंही काही वाटेना.

काळाचौकीच्या खोलीत तिचा नवरा अभय होता. त्याला शांतीबिंती काही मिळाली नव्हती. तो मोरीत नळ सोडून रडायचा. बाहेर आला की दर्शना म्हणायची, "आत्मा कुठे मरतो? आवरा आता."

बुधवारी त्यानं बॅग भरली. "उद्या संध्याकाळच्या गाडीनं गावाला चाललो, दादाकडे. इथे रडायचीपण चोरी झालीय. एकदा जवळ बस म्हटलं, तर प्रवचन देतेस."

"बरं," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली. तो जाईल आणि बहुतेक परत यायचा नाही, हे तिला कळत होतं. नुसतं कळत होतं. आत काहीच हलत नव्हतं.

गुरुवारी प्रसादाच्या शिऱ्याची पाळी तिची होती. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नसतो, त्यामुळे साखरेऐवजी मीठ पडलं ते कुणाला कळणार? आरती झाली, शिरा तळहातांवर पडला. आता प्रसादाला नावं ठेवायची छाती कुणाची? सगळ्यांनी डोळे मिटून गिळला. मागच्या रांगेत एकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तेही लोकांनी भक्तीच्या खात्यावर जमा केलं. दर्शनानं आपला वाटा शांतपणे खाल्ला, वर बोटं चाटली.

"जीभपण जिंकली हो बाईनं!" शेजारची कुजबुजली.

माईंनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. "शिरा कसा झालाय गं?"

"छान. गोड."

"मीठ घातलंयस त्यात."

दर्शनानं बोटं पुन्हा चाटून बघितली.

"जीभ जिंकलेल्यालाही खारट ते खारटच लागतं. तो तोंड वाकडं करत नाही, एवढंच. तुला चवच कळली नाही, पोरी. तू बधिर झालीयस. आणि मी खुळी, तुला शाबासकी देत बसले." माईंनी तिच्या हातातली माळ काढून घेतली. "जप राहू दे. घरी जा."

ती पोचली तेव्हा अभय दारात चपला घालत होता. ती उंबऱ्यातच बसली. तिला ओलांडून त्याला जाता येईना.

"अहो, मला काहीच होत नाही," ती म्हणाली. "वरद गेला तेव्हापासून काहीच नाही. मी शांतबिंत नाहीये. मला माझीच भीती वाटतेय."

अभयनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "रडू येतंय?"

"नाही."

तो खाली तिच्या शेजारी बसला. "बरं. मग मी रडतो. तू नुसती बस."

तो रडू लागला, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा. दर्शनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हुंदक्यांनी हलत होती, आणि तिचा हातही.