प्रस्तावना, सोळा तारा आणि नववा मजला

माझी ताई लिफ्ट दुरुस्त करते. त्या दुपारी एका नऊ मजली इमारतीत तिनं लिफ्टच्या पोलादी दोराच्या तुटलेल्या तारा मोजल्या. सोळा भरल्या. नियमानुसार दहा तुटल्या की लिफ्ट बंद. पण बंद करायला कचेरीची सही लागते, आणि सही इंग्रजी अहवालावरच होते. कचेरी त्याच इमारतीत, नवव्या मजल्यावर. तरी तोंडी सांगायची पद्धत नाही. आधीच्या मेकॅनिकनं सहीशिवाय स्विच पाडला होता. तो आता घरी असतो.

पाच वाजता साहेब अख्ख्या कचेरीला घेऊन त्याच लिफ्टनं उतरतात. तीन वाजले होते. ताईनं मला बोलावून घेतलं, कारण इंग्रजी लेखनाचा वर्ग घरात फक्त मी केलाय. तिथे दोनच गोष्टी शिकवल्या: प्रस्तावना दमदार हवी आणि वाक्यं एकमेकांना जोडलेली हवीत. जोडायला चाळीस शब्दांचा तक्ता दिला होता. तो मी खिशात ठेवतो.

तळघरातल्या मशीनच्या खोलीत, उलट्या बादलीवर बसून मी लिहायला घेतलं.

"काय लिहिलंस ते मराठीत सांग," ताई म्हणाली.

"माणूस गुहेत राहायचा तेव्हापासून त्याला वर जावंसं वाटत आलं आहे."

"वर कुठे?"

"एकंदरीत."

"पुढे?"

"मोअरओव्हर, त्यानं शिडी शोधली. हाउएव्हर, शिडी तोकडी पडली."

"दोर कुठाय?"

"येतोय, दुसऱ्या पानावर. आधी वाचकाची तयारी करून घ्यायची असते."

"अरे शहाण्या, तयारी होईस्तोवर वाचक इथे आपल्या डोक्यावर येऊन पडेल."

पण तिचं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे माझं चाललं. चाळीसपैकी सदतीस शब्द मी बसवले. तीन पानं घेऊन ताई जिन्यानं वर गेली आणि साडेचारला धापा टाकत परत आली. पहिल्या पानावर साहेबांनी लाल शाईत लिहिलं होतं: 'प्रस्तावना अतिशय सुंदर. माणसाच्या प्रगतीवर आपला विश्वास आहे हे वाचून आनंद झाला. लिफ्ट अशीच चालू राहो.'

"पहिला परिच्छेद वाचून थांबलाय माणूस," ताई म्हणाली.

"पण आवडलाय त्यांना."

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी बादलीवरून उठलो. ती बसली.

"'म्हणून'ला काय म्हणतात?"

"देअरफोर."

"एवढा एकच दे. बाकीचे घरी ने."

तिनं कोरा कागद घेतला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. सोळा तारा तुटल्या आहेत. मर्यादा दहाची आहे. देअरफोर लिफ्ट आत्ता बंद करा. खाली सगळं पान पांढरं.

"निदान 'इन कन्क्लूजन' तरी घाल," मी म्हणालो.

"संपलंय हे दिसत नाही का?"

रिकामी लिफ्ट तळाला उभी आहे याची खात्री करून तिनं जाता जाता स्विच पाडला.

"ताई! सही?"

"तीच आणायला चाललेय."

तेव्हा पावणेपाच झाले होते. मी तळमजल्यावर जिन्यापाशी उभा राहिलो. घरात पगार एकच येतो, तो ताईचा, हे मला तिथे उभं असताना आठवलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी साहेब जिन्यानं उतरले. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात कागद. मागे कचेरी, सगळ्यांत शेवटी ताई.

"तुमच्या अहवालाला प्रस्तावनाच नाही हो," साहेब धापा टाकत म्हणाले.

"वेळ नव्हता, साहेब."

"त्यामुळे मला सगळा वाचावा लागला. वाचला आणि लिफ्टकडे फिरकलोच नाही." त्यांनी कागद भिंतीला टेकवून सही केली. "बंद केल्याची वेळ काय घालू?"

"पाच दहा घाला, साहेब. आत्ता करते."

मी तोंड उघडलं. ताईनं माझ्या पायावर पाय ठेवला.