चहाचा नव्हे, केळीचा

धुळ्यात देवपूरच्या एका मैदानावर दर रविवारी सकाळी घरगुती वस्तूंचा बाजार भरतो. मी तिथे टेबल घेतलं, कारण धुळ्यात मला कोणी ओळखत नाही. आमचं गाव सावद्याजवळ, केळीच्या पट्ट्यात. जळगावात बसले असते तर कोणीतरी काका हमखास थांबले असते, "अगं, तू लोटननानांची हेमांगी ना? एमएस्सी करून हे काय मांडलंस?"

केळीचा घड कापला की पाण्यासारखा चीक गळतो. कापडावर पडला तर आधी दिसतही नाही. हवा लागून तो हळूहळू तपकिरी होतो आणि मग साबणाने काही निघत नाही. म्हणून आमच्याकडे केळी कापायला जाणारा माणूस घरातला सगळ्यात जुना सदरा घालून जातो. रसायनशास्त्र शिकल्यावर मला त्या सदऱ्यांचं कुतूहल वाटायला लागलं. पातळ चिकाने फिकट बदामी रंग येतो, दाट चिकाने कॉफीसारखा, आणि गंजलेल्या खिळ्यांचं पाणी मिसळलं तर जवळजवळ काळा. एवढं कळल्यावर मी ब्रश घेतला. सुती कापडावर सुगरणीचे खोपे काढले, भरिताची वांगी काढली, केळीच्या खांबाचा आडवा छेदही काढला, तो जाळीच्या नक्षीसारखा दिसतो. काढताना कापड कोरंच दिसतं, हात कुठून कुठे गेला ते लक्षात ठेवावं लागतं.

घरी नाना, म्हणजे माझे वडील, हसले होते. "डाग विकणार? अगं, डाग तर आपण गावाला फुकट वाटतो!" त्यांनी ते गमतीतच म्हटलं, पण माझ्या मनातून जाईना. मी ठरवलं होतं, एकदाच बसायचं. परकी माणसंही हसली तर सगळं गुंडाळायचं आणि पुन्हा ब्रशला हात लावायचा नाही. एकाही कापडावर मी माझं नाव घातलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर साक्रीच्या सुमनबाई नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे पहिलं गिऱ्हाईक आलं, एक जोडपं.

"छान आहेत. तुम्ही काढलीत?"

"नाही, माझ्या मैत्रिणीने," मी म्हणाले. ते पुढे गेले. दुसऱ्यांनाही तेच सांगितलं. तेही पुढे गेले.

सुमनबाई पापडांवरची माशी हाकलत बघत होत्या. त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, "कोठे शे तुन्ही मैतरीन?"

"पुण्याला."

"ती पुनाले, आन तू आठे तोंड पाडीसन बठेल! असं कसं इकाई व माय?"

मग विकायचं कसं ते दाखवायला त्यांनी माझंही टेबल चालवायला घेतलं. "या ताई, बघा! पुण्याची मोठी आर्टिस्ट शे!" थोड्या वेळाने ती आर्टिस्ट परदेशात शिकून आलेली झाली. दुपारकडे तिला कुठलंसं बक्षीसही मिळालं. मी मान खाली घालून कापडांच्या घड्या सारख्या करत राहिले. मैत्रीण माझीच, तिचं कौतुक किती वाढतंय ते ऐकायला मजाही येत होती.

तेवढ्यात प्रमिलाबाई आल्या. देवपुरातल्याच, निवृत्त शिक्षिका, हे त्यांनी येताच सांगून टाकलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आडव्या छेदाचं कापड डोळ्यांजवळ नेलं. माझं सगळ्यात आवडतं तेच होतं.

"रंग कशाचा आहे हो हा?"

"चहाना!" सुमनबाई बेधडक म्हणाल्या. "एकदम कडक चहा!"

"चहाचा नाही!" माझा आवाज एवढा चढला की समोरचा भेळवाला वळला. "चहाचा रंग इतका पक्का बसत नाही. हा केळीचा चीक आहे. त्यातली द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनने तपकिरी होतात. या कडा काळ्या दिसतात तिथे लोह आहे."

प्रमिलाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पुण्याच्या मैत्रिणीने एवढं शिकवलं तुम्हाला?"

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडा तपकिरी होत्या.

"मैत्रीण नाहीये. मीच काढलंय."

प्रमिलाबाई हसल्या. मी मनात म्हटलं, झालं, गुंडाळा. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे केळीचे डाग! माझी आई या डागांवरून वडिलांना काय बोलायची! पण खरंच धुतलं तर जात नाही?"

"साबणाने नाही जात. ब्लीच घातलं तर मात्र जाईल."

"ब्लीचनं कसाले सांगस व!" सुमनबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

"खरं आहे ते," मी म्हणाले आणि त्यांच्याच टेबलाखालच्या पाण्याच्या बादलीत ते कापड बुडवलं. भेळवाल्याकडून साबणाची वडी मागून घेतली. आता चार-पाच बायका गोळा झाल्या होत्या. मी घासलं, पिळलं, पुन्हा घासलं. सुमनबाईंनी "अजून घस, अजून घस" म्हणत पदर खोचला आणि स्वतःच दोन हात मारले. कापड झटकून वर धरलं, तर जाळीतला एक तंतूही पुसट झाला नव्हता.

"ओलंच द्या," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण यावर तुमचं नाव कुठे आहे?"

दुरुस्तीसाठी मी थर्मासात बर्फावर ताज्या चिकाची बाटली आणली होती; गार राहिला की तो लवकर तपकिरी होत नाही. कापडाचा एक कोपरा उन्हात धरून वाळवला आणि बारीक ब्रशने तिथे लिहिलं, हेमांगी. या वेळी हात कुठून कुठे गेला ते लक्षात ठेवावं लागलं नाही.

प्रमिलाबाईंनी कोपरा जवळ नेला, लांब नेला. "काहीच दिसत नाही!"

"दोन-तीन दिवसांनी दिसेल."

"आणि नाही दिसलं तर?"

मी बोलायच्या आत सुमनबाई म्हणाल्या, "नही दिसनं तर पुढला आयतवारले या ना! हाई पोर आठेच बठेल राही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "इथेच असेन."