चिठ्ठ्या बांधलेली वेल

मोठ्या बहिणीच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता चार महिने झाले. पत्र जेमतेम तीन ओळींचं. ‘गुडघे कुरकुरतात. एकटीला घर खायला उठतं. तुझ्याकडे राहायला येऊ का? हो की नाही, एवढंच कळव.’

नेमकं एवढंच कळवणं त्याला जमेना. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल पेन सपासप चालायचं, स्वतःच्या वाक्याला हात लावायचा मात्र धीर होत नसे. उत्तराचे अकरा कागद झाले होते. उशिराबद्दल माफी, उशिराची कारणं, आपण किती घुमे, तिला इथे करमेल का, न करमलं तर? ‘ये’ हा शब्द अजून यायचाच होता.

गच्चीवरच्या कुंडीतली काकडीही तशीच पसरली होती. पानापानाच्या बगलेतून फुटवे, फुटव्यांना पुन्हा फुटवे, आणि काकडी औषधालाही नाही. पुस्तकात वाचून त्याने प्रत्येक फुटव्याला चिठ्ठी बांधली होती. काहींवर ‘ठेवा’, काहींवर ‘काढा’, बहुतेकांवर नुसतं प्रश्नचिन्ह.

दुपारी तो तिथेच खुर्चीत पेंगायचा. अर्धवट झोपेत वाटायचं, वेल पाण्यातून चालावं तशी हलकेच चालतेय, आणि तिच्याबरोबर गच्चीही. एकदा डोळे उघडले, तर एका हिरव्या तंतूने सदऱ्याच्या गुंडीला दोन वेढे घातलेले. सोडवणं जिवावर आलं. तो तसाच बसून राहिला.

“काका, वेल वाढवताय की वाचनालय?” खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई कपडे वाळत घालायला आली होती. “आणि तुम्हाला बांधून कोणी घातलं?”

“उठलो तर तुटेल ना ते.”

“कमाल आहे बाई!” तिने तंतू अलगद सोडवला आणि कमरेला खोचलेली कात्री त्याच्या हातात दिली. “एक दांडा सुतळीवर सरळ चढवायचा. खालच्या चार-पाच पेरांवरचं सगळं काढायचं, फुलंसुद्धा. वरच्या फुटव्यांना एक काकडी, दोन पानं ठेवायची, की शेंडा खुडायचा. कापा!”

त्याने डोळे मिटले आणि कापलं. हातात आला तो मुख्य दांड्याचाच शेंडा.

“गेली,” तो पुटपुटला. “मला वाटलंच होतं.”

“गेली कसली! वेल काय रुसून बसते? हा वरचा दणकट फुटवा आहे ना, त्याला चढवा सुतळीवर. आजपासून हाच दांडा. बाकीचं काढा पाहू.”

त्याने काढलं. आधी भीत, मग लाल पेन हातात असल्यासारखं. चिठ्ठ्या भिरभिरत कठड्यापलीकडे गेल्या.

तीन आठवड्यांनी तो फुटवा त्याच्या डोक्यावर पोचला होता. पानांआड पाच काकड्या लोंबत होत्या, वाकड्या, काटेरी, खऱ्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग खाली येऊन अकरा कागद फाडले आणि बारावा घेतला.

‘ताई, ये. उशीर झाला, चुकलो. खिडकीजवळची खोली तुझी.’

टपालपेटीच्या तोंडाशी पुन्हा शंका आली. ‘लवकर ये’ लिहायला हवं होतं का? तोवर बोटं सुटली होती. आत कागदावर कागद पडल्याचा हलका आवाज झाला.