बटण दाबण्याआधी

मी एक जुना मदरबोर्ड आहे. संगणकाची पेटी उघडली की आत जी मोठी हिरवी पाटी दिसते ना, तोच मी. माझ्या अंगावर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या रेघा आहेत. संगणकाचा सगळा निरोप त्यांतूनच इकडून तिकडे जातो. मित्रांनो, माणसाला लागले तर तो ओरडतो. मला ते जमत नाही. म्हणून माझ्या आयुष्याचे पहिले दिवस मी नुसत्या धास्तीत काढले. त्या दिवसांचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुली मला कडेला धरूनच उचलायच्या. मग मला एका करड्या, चकाकत्या पिशवीत घालून बोटीवर चढवले. सत्त्याण्णव सालच्या थंडीत पुण्यातल्या एका दुकानातून मला मल्हार आणि मनिषा या नवराबायकोने घेतले. सोबत प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, पंखा आणि रिकामी पेटीही घेतली.

"स्वतः जोडणार?" दुकानदाराने विचारले. "मग जपून. तुमच्या हातून जळाला तर आम्ही बदलून देत नाही."

ते ऐकून मनिषाने पिशवी छातीशी धरली. माझी धास्ती तिथूनच सुरू झाली.

एसटीने भिगवण आणि तिथून जीपने त्यांचे गाव कळस, असा आमचा प्रवास झाला. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता पार उखडला होता. प्रत्येक खड्ड्याला मल्हार मला मांडीवरून उचलून अधांतरी धरायचा. माणूस प्रेमळ होता. पण त्याचे हात दुधाचा टेम्पो चालवणारे, इंजिन खोलून पुन्हा जोडणारे होते. त्या हातांना जोर लावायची सवय होती, आणि मला जोराचीच भीती वाटत होती.

मनिषाचे माहेर लोणी भापकर. लग्नाआधी ती बारामतीला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती आणि मग संगणक शिकली होती. आता इंदापुरात संगणकाचा वर्ग काढायचा, असे दोघांनी ठरवले होते. खोली घेतली होती, दारावर पाटीही रंगवून झाली होती. आसपासच्या मुलींनी नावे दिली होती. संगणक मात्र एकच आणि तोही अजून सुट्या तुकड्यांत. त्यातला एक तुकडा जरी गेला, तरी पाटी उतरवावी लागली असती.

पहिले संकट अगदी मायेने आले. मनिषाच्या सासूबाई बानूबाई. आपल्या मेंढरांच्या लोकरीचे घोंगडे त्यांनी जाजमासारखे अंथरले आणि माझी पिशवी सोडून मला त्यावर ठेवायला निघाल्या.

"आत्या, थांबा! त्येच्यावर नगं!" मनिषा जवळजवळ किंचाळली.

बानूबाईंचा चेहरा पडला. "अगं, मऊ हाय म्हून आणलं. घोंगड्याचा इटाळ व्हतो व्हय तुझ्या यंत्राला?"

मनिषाला फार वाईट वाटले. ती सासूजवळ बसली. "तसं न्हाय आत्या. थंडीत घोंगडं झटकलं की चटचट वाजतं बघा. ती वीजच हाय. आपल्याला नुसता चटका बसतो, पर ह्याचा जीव जातो."

तिने एक नियम केला. मला हात लावण्याआधी प्रत्येकाने अंगणातल्या बोअरच्या लोखंडी पाइपाला हात लावून यायचे, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. बानूबाई त्या पाइपाला हात लावून वर नमस्कारही करायच्या. मला जरा धीर आला.

मग मनिषाने मला लाकडी पाटावर घेतले. प्रोसेसरच्या पायांचा, म्हणजे बारीक पिनांचा, खुणेचा कोपरा तिने माझ्या खाचेच्या कोपऱ्याशी जुळवला. तो आपसूक आत बसला. जोर लावावा लागला नाही. मेमरीच्या पट्ट्या तिरक्या सरकवून उभ्या केल्या, तेव्हा कट् असा गोड आवाज आला. राहिला प्रोसेसरवरचा पंखा. त्याची पोलादी पट्टी फार ताठ होती. तिच्या बोटांना ती वाकेना.

"राहू द्या. भाकरी टाकून येते, मग दोघं मिळून बसवू," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मल्हारने थोडा वेळ वाट पाहिली. बायकोचे काम हलके करावे, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने स्क्रू पिळायचा डिसमिस घेतला, त्याचे टोक पट्टीत अडकवले आणि इंजिनाच्या बोल्टला लावतो तसा जोर लावला. मी आतल्या आत ओरडत होतो, नको, नको! पट्टी बसली. आणि त्याच क्षणी डिसमिस घसरून माझ्या अंगावर कर्रकन ओरखडा उठला.

मल्हार पांढरा पडला. त्याने तिथे बोट फिरवले, फुंकर मारली, दाराकडे पाहिले. मग पंख्याची वायर हळूच त्या ओरखड्यावर ओढून घेतली.

मनिषा परत आली. "बसला व्हय? बघा, मला मेलीला जमत नव्हतं!"

"बसला की," मल्हार म्हणाला.

मित्रांनो, ती त्याचे कौतुक करत होती आणि त्याची मान खाली जात होती. माझी एक रेघ तुटली होती. तिचा उखडलेला तांब्याचा कण शेजारच्या रेघेला चिकटला होता. असाच प्रवाह सोडला असता, तर मी गेलो असतो आणि जाताना प्रोसेसरलाही घेऊन गेलो असतो. हे फक्त मला माहीत होते. मल्हारला अर्धे माहीत होते, आणि अर्धे माहीत असण्याची भीती वेगळीच असते.

दुसऱ्या दिवशी मला पितळी खुंट्यांवर ठेवून पेटीत बसवले. एक स्क्रू हातातून निसटून आत पडला, तर मनिषाने सगळी पेटी उलटी करून तो बाहेर काढला. "येवढासा स्क्रू ऱ्हायला तरी आत जाळ व्हईल," ती म्हणाली. मल्हारने पेटीवरून नजर वळवली. विजेचे दोन जोड माझ्या खोबणीत बसवताना तिने काळ्या वायरींशेजारी काळ्याच वायरी येतील असे तीनतीनदा पाहिले. ते जोड उलटे बसले, तर मदरबोर्ड जळतो. ती इतकी जपत होती, आणि जिथे पाहायला हवे होते तिथे वायर आडवी होती.

दुपारी घरात माणसे जमली. मल्हारचे वडील म्हस्कू स्वच्छ पटका बांधून बसले. चुलते आबाजीही आले. बाईमाणसाने विजेचा खेळ मांडलाय, असे ते गावभर हसून सांगत असत. बानूबाईंनी पेटीला हळदीकुंकू वाहिले, नारळ फोडला.

"बटण तुमी दाबा," मनिषा मल्हारला म्हणाली. "तुमी हुतासा म्हून जोडून झालं."

मल्हारचे बोट बटणाजवळ गेले. मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. बाहेर थंडी होती. आता संपले, असे मी धरूनच चाललो होतो. बोट तिथेच थांबले. मग मागे आले.

"मने, न्हाय दाबायचं," तो म्हणाला. "माझा डिसमिस घसरला हुता. काल. तू भाकरी टाकाया गेलतीस तवा. मी बोललो न्हाय."

आबाजी मोठ्याने हसले. "म्हंजे चालू व्हायच्या आदीच मोडलं म्हना की!"

"आबाजी, खोबरं खा," म्हस्कू शांतपणे म्हणाले. "लेकाला माझ्या बोलू दे."

मल्हारने पंख्याच्या वायरीकडे बोट दाखवले. मनिषाने आधी भिंतीतला प्लग काढला. ती रागावली नाही, रडलीही नाही. त्यामुळेच मला जास्त धास्ती वाटली. तिने मला पेटीतून सोडवून उजेडात नेले आणि मागे वळून आबाजींना म्हणाली, "तात्या, तुमचा चष्मा द्या."

आबाजींचा चष्मा जाड भिंगाचा होता. तो माझ्यावर धरताच तिला सगळे दिसले. तिचा हात तोंडावर गेला. "एक रेघ तुटलीया. दुसरीला चिकटलीया. आत्ता चालू केलं असतं तर..." पुढचे तिने सांगितले नाही.

"सांधंल का?" मल्हारने विचारले.

"म्हाईत न्हाय. तुमी धरा. कडंला. आन हात हलवू नगा."

मल्हार पाइपाला हात लावून आला आणि त्याने मला धरले. तिने सुईने तो कण उचलून काढला, रेघेवरचा हिरवा लेप हलकेच खरवडला. वायरीतली एकच बारीक तार तिथे आडवी ठेवली. रेडिओ दुरुस्तीचे सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाग द्यायची सळई, तापवून तिने त्याचा प्लग काढला, म्हणजे त्यातली वीजही माझ्यात उतरायला नको. मग तापलेले टोक माझ्या जखमेला टेकवले. इंजिन पेलणाऱ्या त्या हातांनी एक हिरवी पाटी बोटांच्या टोकांवर तोलून धरली. मल्हारने श्वास रोखून धरला. मीही.

कथिल वितळले, चमकले, थिजले.

"मला कालच सांगायचं हुतं की वो," ती हळूच म्हणाली.

"लाज वाटली."

"लाजंपायी घर जळलं असतं आपलं."

पुन्हा सगळी जोडाजोड झाली. या वेळी बटण मनिषाने दाबले. पंखा फिरला. पडदा काळाच होता. कोणी हलले नाही. मला स्वतःलाही कळत नव्हते की मी जिवंत आहे की नाही. मग पी असा एक आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. बानूबाईंनी टाळ्या वाजवल्या. आबाजी चष्मा मागायचे विसरून पुढे सरकले, "आलं की रं!" मल्हार मात्र बाहेर जाऊन अंगणात बसला. थोड्या वेळाने म्हस्कू त्याच्याशेजारी जाऊन बसले.

पुढे इंदापुरात मी भरपूर काम केले. कळसच्या, पणदऱ्याच्या मुलामुलींनी माझ्यावर पहिली मराठी अक्षरे उमटवली. लग्नपत्रिका छापल्या, जत्रेची पत्रके छापली. लोक यायचे, पाहायचे आणि म्हणायचे, "हे ह्यांनी घरी जोडलंय!" ते ऐकून मी फुलून जायचो. मग नवे, वेगवान संगणक आले. मला काढून कपाटाखाली सारले. माझ्यावर धूळ बसली, जाळी धरली. आता भंगारात जाणार, या काळजीत मी दिवस काढले. पण एके दिवशी मल्हारने मला बाहेर काढून मऊ ब्रशने स्वच्छ केले. तोवर तोही हे काम शिकला होता. जोडणी कशी करायची हे तो मुलांना माझ्यावरच शिकवू लागला.

गेल्या महिन्यात एका मुलीच्या हातून प्रोसेसर पडला. त्याच्या बारीक पिना वाकल्या. ती बराच वेळ तो मुठीत लपवून उभी होती. तिच्या मनात काय चालले असेल, ते माझ्याइतके कोणाला कळणार? शेवटी ती मल्हारसमोर गेली आणि रडत मूठ उघडली.

मल्हारने पिना पाहिल्या. "बसवून चालू केला न्हाईस ना?"

"न्हाय सर."

"मग आण हिकडं. सरळ करू."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना कडेला धरा, अंगातली वीज उतरवून हात लावा, जे सहज बसत नाही त्याला जोर लावू नका. एवढे जपूनही हात चुकतो. मोठ्यांचाही चुकतो. तसे झाले, तर वायर ओढून झाकू नका. वीज सोडायच्या आधी कोणाला तरी सांगा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.