मु. पो. जिकरा

मुलाखत घेणाऱ्याने निदान समोरच्याचं नाव वाचावं, एवढीच अपेक्षा ठेवून जिकरा सकाळी सहाच्या एसटीत बसली होती, असं काही नाही. तिची अपेक्षा नोकरीची होती. माणूस हावरा असतो.

कारंजा लाडच्या कस्तुरचंद शेठजींच्या दालमिलमध्ये बी.एस्सी. झालेली जिकरा दोन वर्षं तूर तपासत होती. शेठजींचे गुडघे गेले, मुलं इंदूरला रमली, आणि दिवाळीला मिल बंद करायचं ठरलं. दुसरी नोकरी नागपूरला मिळाली असती, पण नागपूरचं नाव काढलं की घरी महिनाभर बैठका. जिल्ह्यात तिच्या कामाची जागा एकच निघाली होती, वाशीमच्या एका धान्यगोदाम कंपनीत, मालपरीक्षकाची. शेठजींनी स्वतःच्या हाताने शिफारस लिहून दिली : 'ही मुलगी दाताखाली दाणा धरून ओल सांगते. मशीन मागाहून तेच सांगते.'

मुलाखत दहाची होती. दहाला शिपाई मोहनसिंग म्हणाला, "साहेब हॉटेलातून निघून राह्यले." अकराला म्हणाला, "निघून राह्यले." बाराला जिकराने नुसतं बघितलं, तर तोच ओशाळला. "मी काय करू बाई? तिकडून निघतेत, पण इकडं येत नाहीत."

पाऊण वाजता साहेब अवतरले. पुण्याचे, मनुष्यबळ विभागाचे. त्यांनी जिकराचा अर्ज मागितला, त्याच्या पहिल्या पानावर कचोरीची प्लेट ठेवली आणि दुसरं पान वाचायला घेतलं. त्या पानावर तळाशी एवढंच होतं : 'ठिकाण : कारंजा लाड', आणि एक सही.

"या, कारंजा मॅडम! छान नाव आहे. वेगळं."

"सर, कारंजा माझं गाव आहे."

साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या नव्या फ्लॅटच्या बाथरूमला कोणत्या रंगाची फरशी शोभेल, हा प्रश्न वीस मिनिटं चालला. शेवटी हस्तिदंती ठरली.

"हं, लाड मॅडम. काय म्हणत होतात?"

"सर, मी जिकरा."

"जिकरा..." साहेबांनी लिहून घेतलं. "हे कोणत्या तालुक्यात येतं?"

जिकराने पुन्हा सांगितलं, हातवारे करून सांगितलं. साहेब म्हणाले, "असू द्या, जवळच असेल," आणि पुढे सरकले. कंपनीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. जिकरा घोकून आली होती. गोदामं किती, माल कोणता, सगळं तिने घडाघडा सांगितलं. साहेबांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं, कारण त्यांनाही ते नवीनच होतं.

मग शेठजींच्या चिठ्ठीवरून त्यांची नजर फिरली आणि चेहरा गंभीर झाला.

"दातांचा त्रास जुना आहे का?"

आता मात्र जिकराची तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर तुरीच्या नमुन्याची वाटी होती. तिने एक दाणा उचलला, दाताखाली धरला, कट्‌कन तोडला. "चौदा टक्के ओल आहे. ही गोदामात भराल तर बुरशी धरेल."

साहेबांनी पुढे वाकून निरखून बघितलं. "नाही हो, दात तर उत्तम आहेत," म्हणाले, आणि कागदावर बरोबरची खूण केली.

पंधरा दिवसांनी तिच्या मोबाईलवर संदेश आला : 'कु. जिकरा, आपण मुलाखतीस गैरहजर राहिल्याने आपला विचार करता आला नाही.' तो वाचून ती मिलच्या पायरीवर बसली होती, तेवढ्यात पोस्टमन सेवालाल सायकल लावून आला. त्याच्या हातात लिफाफा होता : 'कु. कारंजा लाड, मु. पो. जिकरा, जि. वाशीम.'

"घे व जिकरा, तुह्यंच हाय. गावाचं नाव तुले देल्लं, अन् तुह्या नावाचं गाव वसवलं येड्यानं."

सेवालालने मुलाखत न घेता ओळखलं होतं. आत नेमणुकीचं पत्र होतं. जिकराने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"जिकरा गैरहजर आहेत," साहेब म्हणाले. "निवड लाड मॅडमची झाली आहे. त्यांना सोमवारी पाठवा. आधार कार्ड त्यांच्याच नावाचं हवं."

"सर, त्या मीच आहे!"

"एका पदाला एकच उमेदवार असतो, मॅडम," साहेबांनी समजावलं आणि फोन ठेवला.

शेठजी म्हणाले, "कायले रडतं? लिहून दे त्याले." जिकराने लिहिलं :

'महोदय, नेमणुकीबद्दल आभारी आहे. परंतु मी एक गाव आहे. बसस्टँड, बाजार, मंदिरं आणि हजारो माणसं सोडून मला सोमवारी वाशीमला हजर होता येणार नाही. माझ्या जागी जिकराला घ्यावे. मुलाखतीला तीच आली होती. आपली, कारंजा लाड.'

आठव्या दिवशी उत्तर आलं :

'लाड मॅडम, आपला नकार स्वीकारण्यात आला आहे. जिकरा येथे सध्या आमची शाखा नाही.'

जिकरा पोट धरून हसली, आणि मग रडली. मिलला कुलूप लागायला अकरा दिवस उरले होते.