मागच्या चाकांचा आतला काठ

कोकिळाबाईंनी गाडी अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजात आणून लावली, तेव्हा प्रेमराज आधीच येऊन बाकावर बसला होता. धुळ्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघाला असणार. दिराने उठून नमस्कार केला नाही, बाईंनी वाट पाहिली नाही.

"किल्ली काढूनच ठेवा वहिनी. जाताना मी गाडी घेऊनच जाणार आहे."

"मिस्त्री बघेल. मग बोलू."

गेल्या गुरुवारी पाळधीच्या पुढे मागचं डावं टायर फुटलं होतं. कोकिळाबाई धरणगावला निघाल्या होत्या. थोरली बहीण झुंबरबाई तिथे तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि दर गुरुवारी तिची वेणीफणी कोकिळाबाईच करायच्या. सुनेच्या हातून ती डोक्याला कंगवासुद्धा लावून घेत नसे. फुटल्या टायरची बातमी धुळ्यापर्यंत पोचायला एक दिवस लागला. प्रेमराजचा फोन आला : सत्तरीच्या बाईने गाडी चालवू नये, दुभाजकावर ठोकली असणार, दादाची गाडी आता अभिमनकडे राहील. अभिमन त्याचा मुलगा. कोकिळाबाईंनी एवढंच म्हटलं, की गाडी मी ठोकली असं मिस्त्रीने सांगितलं तर किल्ली तुमची. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

जीवराम मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली. गाडी चोवीस वर्षांची. कोकिळाबाईंचे यजमान मगनराव दीपनगरला वीज केंद्रात होते तेव्हा घेतलेली. त्या वसाहतीतल्या सरळ रस्त्यांवर रविवारी दुपारी त्यांनी बायकोला क्लच सोडायला शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी गाडी बंद पडली, तेव्हा चार दिवसांसाठी आलेला, ओट्यावर बसलेला प्रेमराज पोट धरून हसला होता. "वहिनी, बैलगाडी जुंपू का?" कोकिळाबाई ते हसणं विसरल्या नव्हत्या. त्या फारसं काही विसरतच नसत.

"टायर कवा घातले, अक्का?"

"वैशाखात, आखाजीच्या आदल्या दिवशी. चारही नवे."

"चार महिन्यांत ही गत?" जीवरामने डिकीतलं फुटलेलं चाक काढून आडवं टाकलं. बाहेरच्या बाजूला नक्षी कोरी करकरीत, आणि आतल्या काठाला तारा दिसत होत्या.

"दुभाजक," प्रेमराज म्हणाला. "मी काय सांगत होतो? चष्मा बदला म्हणून किती वेळा सांगितलं."

"चष्मा गेल्या पौषात बदलला. तुम्ही बोलणं बदला."

जीवराम मान वर न करता उजव्या चाकाशी गेला. आतून हात फिरवला, बोटं बाहेर काढून लुंगीला पुसली. "भाऊ, दुभाजकावर एक चाक आदळतं. हे उजवंही आतूनच खाल्लंय. तितकंच."

"म्हणजे वहिनी दोन्हीकडून ठोकतात."

जीवरामने ओळंबा आणला, गवंड्याकडे असतो तसा, आणि मागच्या चाकाच्या वर पत्र्याला दोरा टेकवून खाली सोडला. खाली टायर दोऱ्याला चिकटलं होतं; वर दोन बोटं फट. दुसऱ्या बाजूलाही तसंच. पुढच्या चाकांना लावून पाहिला, तिथे दोरा सरळ उतरला.

"दोन्ही चाकांची डोकी आत झुकलीत. मधला ॲक्सल खाली वाकलाय. हे ठोकल्याने होत नाही अक्का, वजनाने होतं. या गाडीत काय भरत होता तुम्ही?"

"मी आणि झुंबरबाईंसाठी एक डबा."

प्रेमराजने खिशातून रुमाल काढून मान पुसली. ज्येष्ठात मुलीच्या लग्नाच्या धावपळीला म्हणून त्याने गाडी नेली होती, ती दीड महिना ठेवली.

जीवरामने गाडी जॅकवर घेतली, खाली सरपटत गेला आणि स्प्रिंगच्या वेढ्यांतून रबराचे दोन जाड तुकडे उपटून बाहेर फेकले. "मागून गाडी बसू नये म्हणून कोणीतरी हे घातलेत. गाडी वरून ताठ दिसते. भार मात्र सगळा ॲक्सलवर. कोणाचं डोकं हे?"

"लग्नात माणसं बसली होती," प्रेमराज म्हणाला. "माणसांना काय वजन नसतं?"

कोकिळाबाईंनी डिकी उघडली, सतरंजी उचलली. स्टेपनीच्या खळग्यात ओल लागून बुरसलेला पिवळा चुरा होता. त्यांनी चिमूटभर उचलून नाकाशी नेला.

"तुमची माणसं सरकीची ढेप खातात का, भाऊ?"

प्रेमराजचा चेहरा ताठ झाला आणि तो अहिराणीवर आला. "नऊ गुरं शेतस मना गोठामा. ढेप काय डोक्यावर आणू? दहा-दहा पोती नेली, त्यात काय झालं? मना भाऊनी गाडी शे ती, तुमना माहेरनी नही."

"मग इतके दिवस दुभाजक का सांगत होता?"

"तुम्ही चालवायची बंद व्हावी म्हणून. सत्तरीत बाईमाणूस हायवेवर! लोक मला विचारतात."

"लोकांना सांगा, दिराने पोती भरली आणि टायर भावजयीच्या खाली फुटलं."

जीवराम हात पुसत मध्ये उभा राहिला. वाकलेला ॲक्सल सरळ करण्यात अर्थ नाही, जुन्या गाडीचा चांगला बघून बदलावा लागेल, दहा दिवस तरी; तोवर गाडी हलवायची नाही, असं त्याने सांगितलं. नवे टायर आता घातले तरी चार महिन्यांत हेच होईल.

"म्हणजे हा गुरुवार आणि पुढचाही," कोकिळाबाई म्हणाल्या.

"मी सोडतो ना तुम्हाला धरणगावला," प्रेमराजचा आवाज एकदम मऊ झाला. "अभिमन येईल. गाडी झाली की त्याच्याकडेच राहू द्या, तुम्हाला हवी तेव्हा..."

"लग्नाच्या वेळी नेलेली दुसरी किल्ली द्या."

"वहिनी, दादा असते तर..."

"दादा असते तर त्यांनी तुम्हाला गाडी दिलीच असती. तुम्ही धाकटे, तुमचं सगळं खपायचं. ते मला तेव्हाही पटत नव्हतं. किल्ली."

त्याने जुडग्यातून किल्ली सोडवली. बाईंच्या पुढे केलेल्या हातावर न ठेवता मिस्त्रीच्या पान्यांच्या पेटीत टाकली आणि चौफुलीकडे चालता झाला. कोकिळाबाईंनी वाकून तेलकट पान्यांमधून ती शोधून काढली, पदराला पुसली.

"अक्का, गुरुवारी कशा जाणार?" जीवरामने विचारलं.

"एसटीने. उभं राहावं लागलं तरी जाईन. तू ॲक्सल बघ. आणि तुला त्याचा फोन आला तर गाडी कधी होईल ते सांगू नकोस."